आजीची खोली

आमचे कोकणातले घर पणजोबांच्या वेळचे आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, वर मंगळुरी कौले. रात्री पायऱ्या उतरून परसातल्या न्हाणीकडे जाणे आजीला जमेना, तेव्हा मागील भिंतीला लागून तिच्यासाठी न्हाणीसह खोली बांधायचे ठरले. तीन भिंती घालायच्या, त्यात अवघड ते काय!

वृद्ध गवंड्याने जुनी भिंत चाचपून पाहिली व तो म्हणाला, "हिच्यात नवे चिरे गुंतवायचे नाहीत. जुना पाया केव्हाच बसला. नवा अजून बसायचा आहे. दोघांना जखडले, तर सांध्याशी तडा जाईल." म्हणून मध्ये बोटभर फट राखली.

जांभा मोठा गमतीचा दगड! खाणीत मऊ असतो. हवा लागली, की कठीण होत जातो. मलबारातील अशाच दगडाला फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात 'लॅटराइट' म्हटले. लॅटिन भाषेत 'लॅटर' म्हणजे वीट.

खरे कोडे छपराचे. जुना उतार तसाच पुढे नेला, तर खोली बुटकी होई. उतार कमी केला, तर पावसाळ्यात कौलांखाली पाणी शिरे. अखेर जमीनच वीतभर खाली घेतली आणि आजीसाठी पायरीऐवजी उतरण केली.

पण माजघराची परसाकडील खिडकी बुजणार होती. "माझ्यासाठी साऱ्या घराला अंधार नको," आजी म्हणाली. ती हटेना. तेव्हा माजघरावर काचेची दोन कौले बसवली. दुपारी त्यांतून उन्हाचे चौकोन खाली उतरतात. आजी तांदूळ निवडायला तिथेच बसते. नव्या खोलीत केवळ निजायला जाते.