माहिती कुठं राहते?



चौथीच्या वर्गात संदेशवहनाची साधनं शिकवत होते. पत्र, तार, टेलिफोन असं करत करत मोबाइलपर्यंत आलो. सहज विचारलं, "नेट कुठून येतं रे?" एक म्हणाला, "रिचार्जमधून." दुसरा म्हणाला, "टॉवरमधून." मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पप्पांकडून. पप्पा सेकंड शिफ्टला गेले की नेट पण जातं."

वर्ग हसला, मीही हसले. पण तिचं उत्तर खोटं नव्हतं. माझी शाळा चाकणच्या पुढे आहे. बरेचसे पालक एमआयडीसीत कंत्राटी कामाला. कुणी लातूर-नांदेडकडचे, कुणी बिहारचे. घरात एकच चांगला फोन, आणि तो शिफ्टबरोबर कंपनीत जातो. मी चिखलीला राहते. आमच्या इमारतीतही तीच गत. संध्याकाळी चार घरची सहा पोरं आणि एक फोन, तोही बहुतेक वेळा माझा.

तेव्हा डोक्यात आलं की पोरांना लागणारं साहित्य एकदाच उतरवून घरात ठेवलं आणि सगळ्यांना ते विनारिचार्ज बघता आलं, तर? माझं शिक्षण डी.एड. कॉम्प्युटर म्हणजे मला ऑनलाइन माहिती भरायचं यंत्र, एवढंच ठाऊक. पण दिवाळीची सुट्टी होती. म्हटलं, बघू करून.

ही गोष्ट 2022 ची. कुदळवाडीत तेव्हा भंगाराची गोदामं होती. पुढं 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेनं त्या भागात मोठी पाडापाडी केली, ते तुम्ही वाचलं असेलच. तिथून मी अठराशे रुपयांत एक जुना सीपीयू आणला. चार जीबी रॅम आणि 160 जीबीची हार्ड डिस्क. रिक्षातून घरी आणला, पुसला, टीव्हीला जोडला. पोरं गोल करून बसली. बटण दाबलं आणि तो चक्क चालू झाला. टाळ्या पडल्या.

पासवर्ड नव्हता. समोर फोटो आला. आई, वडील आणि फ्रॉक घातलेली दोन-तीन वर्षांची मुलगी. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "काकू, ही कोण?"

मला माहीत नव्हतं. आणि इथं मी चुकले, ते लपवत नाही. मी फोल्डर उघडले. वाढदिवसाचे फोटो, पगाराच्या स्लिपा, आधार कार्डाची स्कॅन प्रत, दवाखान्याचे रिपोर्ट. दहा मिनिटं तरी मी बघत होते, पोरांच्या देखत. शेवटी कोपऱ्यातून माझे सासरे म्हणाले, "सूनबाई, दुसऱ्याच्या घरात शिरलीयस तू. दार उघडं होतं म्हणून काय झालं?"

मी बंद केला. पण त्या रात्री झोप आली नाही, आणि ती त्या अनोळखी कुटुंबापायी नव्हे. मला माझा जुना फोन आठवला. वर्षभरापूर्वी तो मी एका दुकानात बदलून नवा घेतला होता. गॅलरीतले फोटो तेवढे डिलीट केले होते. पण त्यात काय काय होतं? पटनोंदणीसाठी काढलेले मुलांच्या आधार कार्डांचे फोटो, पालकांचे मोबाइल नंबर, शिष्यवृत्तीसाठी बँक पासबुकांची पहिली पानं. दोन वर्गांतल्या पोरांची सगळी कुंडली. आणि ती मी काउंटरवर ठेवून आले होते.

तुमच्याही फोनमध्ये हे सगळं आहे. आत्ता गॅलरी उघडून बघा, मी थांबते.

दुसऱ्या दिवसापासून मी आधी हेच शिकले. डिलीट केलं म्हणजे नेमकं काय होतं? पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तर धडे जातात का? नाही. ते आत तसेच असतात, फक्त कोणत्या पानावर आहेत ते सापडत नाही. हार्ड डिस्कचं तसंच आहे. आपण डिलीट करतो तेव्हा तिथं नोंद होते की ही जागा आता मोकळी समजावी. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथंच असतं, आणि ते परत काढणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. घाईघाईत केलेल्या 'क्विक फॉरमॅट'नंही एवढंच होतं.

खरं पुसायचं तर पूर्ण डिस्कवर नवीन काहीतरी लिहावं लागतं. मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि त्या डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली. हे करताना दुसरी कुठलीही डिस्क जोडलेली ठेवू नका. चुकून भलतीच निवडली तर परत मिळत नाही. आणि ही रीत जुन्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कची. एसएसडीसाठी ती भरवशाची नाही, तिला बनवणाऱ्या कंपनीचं पुसायचं साधन वापरावं लागतं.

पुसण्याआधी मी सासऱ्यांना विचारलं, "आण्णा, मालकाचा नंबर शोधून फोटो परत देऊ का?" ते म्हणाले, "नंबर शोधायला पुन्हा आत शिरावं लागेल. राहू दे." मग पोरांना गणित घातलं. डिस्क 160 जीबी, सेकंदाला 40 एमबी लिहिते, तर किती वेळ? जीबी म्हणजे हजार एमबी धरून चार हजार सेकंद, म्हणजे सुमारे 67 मिनिटं. पोरं घड्याळ लावून बसली. सत्तर मिनिटं लागली. भागाकारावर त्यांचा इतका विश्वास मी आधी कधी पाहिला नव्हता.

आता मूळ कामाकडे येते. त्या कोऱ्या डिस्कवर लिनक्स टाकलं. किविक्स नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातून विकिपीडिया उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे, आणि तो अख्खा उतरवला तरी एका पेन ड्राइव्हवर मावतो. त्याच्या जोडीला बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ आणि कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' हे विज्ञान-गणिताचे खेळ घेतले. त्यातले बरेच मराठीत आहेत आणि उतरवून ठेवता येतात. शिवाय मी स्वतः मोठ्यानं वाचून रेकॉर्ड केलेल्या गोष्टी. माझ्या आवाजातल्या गोष्टी पोरं सर्वात जास्त ऐकतात, हे अभिमानानं सांगते.

एक जुना राउटर घरात पडून होता. खालच्या मजल्यावरही वायफाय पोचावं म्हणून तो जिन्यात लावायचा होता, म्हणजे बारा मीटर केबल आली. केबल मी स्वतः तयार केली आणि ती चालली नाही. आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. पीळ शोभेसाठी नसतो. बाहेरचा विजेचा खरखराट दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि तो वजा करता येतो, त्यासाठी असतो. आण्णा भोसरीच्या एका कारखान्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही टोकं शेजारी धरली आणि म्हणाले, "एका बाजूला हिरवा नि निळा बदललाय." मग पोरांनी रंगांचा क्रम पाढ्यासारखा पाठ केला: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसरी केबल आण्णांनी आणि माझ्या मुलानं मिळून केली. ती अजून चालते.

राउटरला इंटरनेटची लाइन जोडलेलीच नाही. फोन वायफायला जोडला की 'इंटरनेट नाही' असा निरोप येतो. तरीही जोडलेलं ठेवायला सांगायचं, नाहीतर काही फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. मग ब्राउझरमध्ये आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकायचा. आमच्या घरी तो 192.168.0.10 आहे. असे 192.168 नं सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठीच राखून ठेवलेत. माझ्या घरातला हा पत्ता तुमच्याही घरात असू शकतो, आणि बाहेरच्या इंटरनेटवर तो चालत नाही. जसं 'बी विंग, पहिला मजला' हे प्रत्येक सोसायटीत असतं, पण पोस्टमनला तेवढं पुरत नाही.

खर्च विचाराल, तर तो कॉम्प्युटर साधारण साठ वॅट खातो. रोज चार तास धरले तर महिन्याला सात युनिटच्या आसपास.

डी.एड.ला असताना आमची भेट पाबळच्या विज्ञान आश्रमाला गेली होती. चाकणपासून फार लांब नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो 1983 मध्ये सुरू केला, आणि पुढे 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं तिथं फॅब लॅब झाली. काम करता करता शिकायचं, हे तिथलं सूत्र मी तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेत त्याला गुणही मिळाले. पण अर्थ कळला तो हातात न चालणारी केबल घेऊन बसले तेव्हा.

डिसेंबरात एका शनिवारी हे सगळं बोचकं शाळेत नेलं. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला विचारलं, "आता सांग, नेट कुठून आलं?" तिनं केबल हातात धरली, टोकापर्यंत चालत गेली आणि म्हणाली, "ह्या डब्यातून. पण हे पप्पांचं नेट नाही." मग तिनंच विचारलं, "पप्पांच्या नेटचा डबा कुठंय?" मी म्हटलं, तोही असाच कुठल्यातरी गावात एका खोलीत आहे, फक्त खूप मोठा आणि दुसऱ्याच्या मालकीचा.

पुढच्या पालक सभेत मी माझ्या जुन्या फोनची गोष्ट सांगितली. मुख्याध्यापकांना आधी सांगितलं होतं. ते म्हणाले, "कशाला उगाच?" मग थोडा विचार करून म्हणाले, "सांगा." सभेत शांतता झाली. एक आई उठून म्हणाली, "मॅडम, मग माझ्या पोरीचं आधार आता कुणाकडं असंल?"

"मला माहीत नाही. चूक माझी आहे," एवढंच म्हणू शकले. दुकानात मी जाऊन आले होते, फोन केव्हाच पुढे गेला होता. ती माउली रागावली नाही, पण बसताना तिनं आपला फोन पिशवीत आत सारला, ते मी पाहिलं. तेव्हापासून मुलांची कागदपत्रं मी फोनवर काढली तर भरून झाल्यावर त्याच दिवशी पुसते, कचरापेटीच्या फोल्डरमधूनही. शिक्षकांच्या ग्रुपवर आधारचे फोटो टाकत नाही. कुणी मागितले तर "कागद दाखवते, फोटो नाही" असं सांगते. याचा काहींना राग येतो.

पालकहो, तुम्हीही जुना फोन देण्याआधी एवढं करा. हवं ते दुसरीकडे उतरवून घ्या. सिम आणि मेमरी कार्ड काढा. गुगल खातं फोनमधून काढा. मग सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट करा आणि फोन नव्यासारखा 'भाषा निवडा' म्हणतोय ना, ते डोळ्यांनी बघा. दुकानदार "मी करतो" म्हणाला तरी आपणच करा.

आणि जमलं तर मुलांसोबत घरात एक छोटं नेटवर्क उभं करा. जुना लॅपटॉप आणि पडीक राउटर पुरतो. पहिली केबल बहुतेक चालणार नाही, चालू द्या तसंच. मुलांना एकच प्रश्न विचारत राहा: हे आत्ता तू जे बघतोस, ते कुठं ठेवलेलं आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे? आमच्या घरच्या डब्यापुरतं याचं उत्तर माझा मुलगा बोट दाखवून देतो. त्या आईच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही.