पहिला आशीर्वाद कोणाला?



पवित्र शास्त्रातला पहिला आशीर्वाद कोणाला मिळाला, असे दृढीकरणाच्या वर्गात विचारले की मुले हमखास आदामाचे नाव घेतात. मग आम्ही उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडून २२वे वचन वाचायला सांगतो. माणूस घडण्याच्या आदल्या दिवशी, पाचव्या दिवशी, देवाने समुद्रातल्या जीवांना आणि पाखरांना आशीर्वाद दिला. तुम्ही वाढा, असे आधी त्यांना सांगितले. आपली पाळी नंतर आली.

नाताळच्या सुट्टीत धर्मग्रामातली आम्ही काही मंडळी बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलो. जुन्या गोव्यात मिस्साला बसलो आणि दुसऱ्या सकाळी नेरुलच्या किनाऱ्यावरून डॉल्फिन पाहायला बोटीत चढलो. मांडवी नदी समुद्राला मिळते त्या भागात, आग्वाद किल्ल्यासमोर, पाठीवर कुबड असलेले डॉल्फिन दिसतात. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच त्यांचे आयुष्य जाते. जाळी, बोटी, घाण पाणी, सगळे तिथेच. खोल समुद्रात निघून जाणे त्यांच्या स्वभावात नाही. २०१७ साली त्यांची नोंद जगातल्या धोक्यात आलेल्या प्रजातींत झाली.

पाण्यावर एक काळी पाठ दिसली मात्र, चारी बाजूंनी बोटी तिकडे वळल्या. आमचीही वळली. मुले ओरडू लागली, मोबाइल वर झाले. तेवढ्यात आमच्यातल्या एक आजी बोटवाल्याला म्हणाल्या, "दादा, इंजिन जरा बंद ठेवाल का?"

तो म्हणाला, "आजी, ठेवतो की. पण डॉल्फिन नाही दिसले तर लोक पैसे परत मागतात. पावसाळ्यात धंदा बंद असतो आमचा."

त्याचे काय चुकले? पाठलाग त्याच्या इंजिनात सुरू होत नाही, तो गिऱ्हाइकाच्या जिभेवर सुरू होतो. आजींनी आम्हा सगळ्यांकडे पाहिले. दोघेतिघे कुरकुरले, कारण मुलांना दाखवायचे कबूल केले होते. शेवटी ठरले: दिसोत, न दिसोत, पैसे पूर्ण द्यायचे. त्याने इंजिन बंद केले.

बराच वेळ काहीच नाही. मग मागच्या बाजूने फुस्स असा आवाज आला. डॉल्फिन मासा नव्हे. त्याला आपल्यासारखीच फुप्फुसे असतात आणि श्वासासाठी वर यावेच लागते. पाण्याखाली तो आवाज सोडून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून वाट आणि भक्ष्य शोधतो. इंजिनाच्या गोंगाटात ते ऐकणे अवघड होते. आता एक मोठी पाठ आणि तिला चिकटून एक लहान, अशी दोनदा वर आली आणि गेली. एका मुलाने विचारले, "एवढेच?" आजी म्हणाल्या, "अरे, श्वास ऐकलास ना त्यांचा?"

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच शिकवले की प्रत्येक जीवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे, केवळ आपल्या उपयोगापुरते नाही. १०४वे स्तोत्र तर समुद्रातल्या त्या महाकाय जीवाच्या खेळण्याविषयी बोलते. त्या खेळात आपल्या तिकिटाचा उल्लेख नाही.

आपल्यापैकी कोणी मालवणला, कारवारला किंवा गोव्याला जाणार असेल, तर बोटीत पाय ठेवण्यापूर्वी बोटवाल्याला एक वाक्य सांगा: "लांबूनच दाखवा, नाही दिसले तरी तुमचे पैसे तुम्हाला मिळतील." त्याच्या घरची चूलही पेटेल आणि त्या पिलाला आईसोबत निवांत श्वासही घेता येईल.

हे देवबापा, तू ज्यांना आमच्याआधी आशीर्वाद दिलास, त्यांच्याजवळ हळू जायला आम्हाला शिकव. आमेन.