कुवेतहून खुशाली

रत्नागिरीकडच्या आमच्या वाड्यांतून आखातात गेलेल्या माणसांची खुशाली पूर्वी निळ्या पत्रांतून कळायची, नाहीतर सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या हाती धाडलेल्या कॅसेटमधून. टेपरेकॉर्डरभोवती सगळं घर गोळा व्हायचं. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि पत्रंही थांबली, फोनही. उरला रेडिओ. त्यात देशाचं नाव यायचं, आपल्या माणसाचं कसं येणार?

तिकडे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकले होते. कमावलेला कुवेती दिनार मातीमोल झालेला, कित्येकांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले, पण रोजच्या पोटाची, निवाऱ्याची सोय केली ती तिथल्याच आपल्या माणसांनी. भारतीय व्यापारी आणि नोकरदार यांनी समिती उभी केली, शाळेत लोकांना आसरा दिला, धान्य जमवलं, बस ठरवल्या. आणि याद्या केल्या. इराकमधून जॉर्डनची सरहद्द, तिथे वाळवंटात तंबू, मग अम्मानचा विमानतळ. दोन महिन्यांत विमानांच्या ४८८ फेऱ्या झाल्या. कुठल्या विमानात कोण, हे गावी कळायला वाट नव्हती. आमच्या शेजारचे चाचा एका दुपारी एसटीतून उतरले, तेव्हाच चाचींना कळलं. तंबूत ताप भरला असताना एका अनोळखी मल्याळी माणसाने त्यांचं नाव यादीत घातलं होतं. “त्याचं नाव विचारायचं राहून गेलं,” असं चाचा पुढे कितीतरी वर्षं हळहळत.

आज दूतावासाचा चोवीस तासांचा नंबर असतो, परदेशात अडचणीत आलेल्या भारतीयांसाठी २०१५ पासून ‘मदद’ पोर्टल आहे, युरोपातल्या बहुतेक देशांत तातडीच्या मदतीसाठी ११२ फिरवता येतो. याचं मोल मला फार वाटतं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधल्या युद्धात खारकीव्हच्या मेट्रो स्टेशनांत लपलेली वैद्यकीय शिक्षणाची मुलं आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. चाचींच्या नशिबी ते नव्हतं. पण २ मार्चला दूतावासाचा निरोप आला तो असा, की संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, गाडी मिळाली नाही तर चालत शहराबाहेरचं पेसोचिन गाठा. निरोप मोबाइलवर क्षणात पोचला, पुढची वाट मात्र थंडीत पायांनीच तुडवायची होती. आणि घरी बसलेल्या आईला आता पावलापावलाची धास्ती. फोनची बॅटरी संपली की तिचा जीव कासावीस. तिथेही वरच्या वर्गातल्या मुलांनी धाकट्यांची नावं लिहून घेतली, कुणी मागे राहिलं नाही ना, ते मोजत राहिली.

कुवेतच्या त्या याद्या करणाऱ्यांपैकी मोजक्यांचीच नावं लोकांना ठाऊक आहेत. तेव्हाची तरणीताठी माणसं आता सत्तरीला टेकली आहेत. दापोली, चिपळूण, राजापूर भागात कितीतरी घरांत ती भेटतील. त्यांच्या नातवंडांनी मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करावं, आणि सगळ्यांत आधी विचारावं, तुम्हाला बसमध्ये कुणी बसवलं?