ब्रशाची मूठ

मनुष्य लेखणी विकत घेतांना तिचें टोंक पारखून घेतो, काठी घेतांना ती हातांत धरून चार पावलें चालून पाहतो, आणि चष्म्यासाठीं तर डॉक्टराकडे दोन-दोन खेपा घालतो. परंतु सकाळीं उठल्याबरोबर जी वस्तु तो प्रथम हातीं घेतो आणि जिला थेट आपल्या मुखांत प्रवेश देतो, त्या दांत घासावयाच्या ब्रशाविषयीं त्यानें दोन मिनिटें तरी विचार केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. दुकानदार जो पुढें करील तो घ्यावयाचा, केस फिसकटले कीं टाकून द्यावयाचा, आणि पुन्हां तसाच दुसरा आणावयाचा, एवढाच काय तो बहुतेकांचा व त्याचा ऋणानुबंध. गेल्या वर्षीं मात्र आमच्या घरीं या क्षुद्र वस्तूवर जवळजवळ चार महिने खल चालला, आणि त्या खलांत एक इंजिनियरिंगचा विद्यार्थी, एक सुतार व एक पंच्याहत्तर वर्षांची वृद्धा असे तीन तज्ज्ञ होते. आम्ही पडलों इंग्रजी वाङ्मय शिकविणारे. आमच्याकडे केवळ श्रोत्याचें काम होतें.

आमचें मूळचें घर बार्शीटाकळीस आहे. अकोल्याच्या दक्षिणेस असलेलें हें तालुक्याचें गांव इतिहासज्ञांस ठाऊक असतें तें तेथील देवीच्या हेमाडपंती देवळामुळें व शके १०९८ च्या शिलालेखामुळें. आम्हांस तें आठवतें तें आपल्या परसांतल्या निंबाच्या झाडामुळें. आमच्या लहानपणीं घरांतील वडील मंडळी सकाळीं या झाडाची, नाहीं तर बांधावरच्या बाभळीची काडी तोडीत, तिचें टोंक दाढेखालीं चावून त्याची कुंचली करीत, आणि ओट्यावर बसून अर्धा अर्धा तास दांत घाशीत गांवांतील सर्व तंट्यांचा निकाल लावीत. बायकांकडे गोवरीची राखुंडी असे. कित्येकींकडे मिसरी असे. मिसरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. पण ती दांतांस लावावयाची असल्यामुळें तिला कोणी व्यसन म्हणत नसे!

या काडीविषयीं आमच्या पुतण्यानें पुढें एक गोष्ट आमच्या ध्यानांत आणून दिली, ती येथेंच सांगतों. आज ज्यास मोठ्या कौतुकानें ‘बदलतें डोकें’ म्हणतात, तें या काडीस उपजतच असतें. झिजलेलें टोंक तोडून टाकलें कीं मागचें कोरें टोंक पुढें येतें. मूठ तीच, डोकें रोज नवें. सुश्रुतानें तिची मापेंही देऊन ठेविलीं आहेत: लांबी बारा अंगुळें, जाडी करंगळीएवढी, काडी सरळ आणि गांठ नसलेली. कडू रसांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ, असा रसांप्रमाणें विभागही त्यानें केला आहे. इतकेंच नव्हे, तर कोणत्या रोग्यांनीं काडी वापरूं नये हेंही सांगितलें आहे. वस्तु सर्वांसाठीं एकच नसावी, ती वापरणाराकडे पाहून ठरवावी, ही दृष्टि त्यांत स्पष्ट दिसते. काडीचा दोष एकच. तिचे तंतु काडीच्याच रोखानें असतात, दांड्याशीं काटकोनांत नसतात. म्हणून मागच्या दाढांच्या आंतल्या अंगाला ती नीट पोहोंचत नाहीं.

तो काटकोन चिनी लोकांनीं पंधराव्या शतकांतच साधला होता. इंग्लंडांत विल्यम अॅडिस नांवाच्या गृहस्थानें १७८० च्या सुमारास ब्रशांचा धंदा सुरू केला. तुरुंगांत असतांना जेवणांतलें एक हाड राखून, त्याला भोकें पाडून त्यांत त्यानें केस ओंवले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, ब्रश मात्र कित्येक वर्षें हाडाचा व डुकराच्या केसांचा होत असे. असला पदार्थ हिंदूंच्या देवघराशेजारच्या न्हाणींत किंवा मुसलमानांच्या वजूच्या पाण्याजवळ कसा येणार? आमच्याकडे ब्रश उशिरां आला याचें कारण अडाणीपणा असें सांगणारे लोक ही साधी गोष्ट विसरतात. १९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉनच्या केसांचा ब्रश निघाला आणि ही अडचण आपोआप दूर झाली. पुढें १९४८ सालीं बास नांवाच्या तेथीलच एका डॉक्टरानें ब्रश कसा असावा याचें सूक्ष्म माप दिलें. केसाची जाडी एका इंचाच्या हजार भागांपैकीं सात भाग आणि प्रत्येक केसाचें टोंक घासून गोल केलेलें, इतक्या बारकाईनें त्यानें विचार केला. सुश्रुताची करंगळी आणि बासचे सात सहस्रांश यांमध्यें कितीही अंतर असलें, तरी दोघांनीं पाहिलें तें मुख्यतः दांतांकडे व हिरड्यांकडे. ज्या हातानें तें साधन धरावयाचें त्या हाताचा प्रश्न आमच्या घरीं उभा राहिला.

आमच्या आत्याबाई लहानपणींच विधवा होऊन माहेरीं आल्या, आणि तेव्हांपासून बार्शीटाकळीच्या घराच्या त्याच मालकीण. गेल्या वर्षीं त्यांस अर्धांगाचा झटका आला. जीव वांचला, वाचाही बरीचशी परत आली. परंतु उजवें अंग दुबळें झालें. उजवी मूठ अर्धीच मिटे आणि मनगट वळत नसे. चालणें, बसणें यांची काळजी सर्वांनीं घेतली. तोंडाकडे मात्र प्रथम कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं. अशा रोग्याच्या दुबळ्या गालांत घांस साठून राहतो व त्याची त्याला जाणीवही होत नाहीं. तेथें घाण साचली कीं हिरड्या सुजतात, आणि ती घाण श्वासनलिकेंत उतरली तर फुफ्फुसांचा ज्वर होऊन कित्येक म्हातारीं माणसें दगावतात, हें डॉक्टरांनीं सांगितलें तेव्हां घरांतील मंडळी सावध झाली. आमच्या धाकट्या भावाच्या पत्नीनें आत्याबाईंचे दांत स्वतः घासून देण्यास आरंभ केला. ती बिचारी हलक्या हातानें घाशी. पण आत्याबाई ओंठ घट्ट मिटून घेत. पन्नास वर्षें जिनें सर्व घराच्या तोंडीं घांस घातला, तिच्या तोंडांत दुसऱ्यानें हात घालावा हें तिला सहन होईना. ब्रश दिसला कीं डोळ्यांत पाणी येई. हळूहळू जेवणही कमी झालें. जेवलें नाहीं म्हणजे दांत घासावयास नकोत, असा त्यामागें हिशेब होता.

डावा हात चांगला होता. “डाव्या हातानें घासा,” असें डॉक्टर म्हणाले, आणि वैद्यकाच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. परंतु आत्याबाई आमच्या पुतण्याकडे वळून म्हणाल्या, “डावा हात तोंडात घालाले सांगतो काय रे बापू? मी जेवाच्या हातानंच घाशीन.” यावर आमच्या एका सुशिक्षित स्नेह्यांनीं ‘सोंवळ्याचें वेड’ असा अभिप्राय दिला. आम्हांस तो पटला नाहीं. जो हात जन्मभर शौचासाठीं राखून ठेविला, तो मुखांत घालण्याची किळस ही युक्तिवादानें जाणारी वस्तु नव्हे. आणि आजारी माणसाची किळस घालविण्याचा खटाटोप करण्यापेक्षां एक मूठ बनविणें सोपें आहे. शिवाय दुबळ्या हाताला रोज काम मिळावें, हें व्यायाम शिकविणाऱ्या बाईंचेंही म्हणणें होतेंच.

पुतण्या इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्यानें सुट्टींत हें काम अंगावर घेतलें. सायकलच्या मुठीचें रबर ब्रशाच्या दांड्यावर चढवून पाहिलें. तें जाड झालें, पण ओल्या हातांत फिरूं लागलें. मग मान हवी तशी वांकवितां येईल असा सांधा त्यानें कागदावर काढला आणि कॉलेजांतल्या यंत्रावर प्लॅस्टिकचा एकावर एक थर देऊन प्रत्यक्षांत उतरविला. वस्तु दिसावयास फार सुरेख होती. चार दिवसांत पेस्टचा लगदा त्या सांध्यांत शिरला, आठ दिवसांत तेथें काळी बुरशी धरली, आणि दाढेवर जोर दिला कीं मान आपोआप मागें पडे. जें वळतें तें ढिलें पडतें, आणि जेथें फट आहे तेथें घाण आहे. तोंडांत घालावयाच्या वस्तूंत या दोन गोष्टींची गांठ पडणें किती वाईट, हें त्या आठ दिवसांत सर्वांस कळलें.

बाजारांत डोकें बदलतां येणारे ब्रश मिळतात असें कोणी सांगितलें. अकोल्यास एका दुकानांत ते होतेही. मुठी होत्या, डोकीं संपलीं होतीं! प्रत्येक कारखान्याचें डोकें निराळें. एकाचें दुसऱ्याच्या मुठीवर बसत नाहीं. जिलेट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९०४ सालीं वस्तऱ्याच्या पात्याचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून मूठ एकदां देऊन पातीं जन्मभर विकत राहण्याचा हा व्यापार जगानें ओळखला आहे. त्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र त्याची सोय मोठ्या शहरापुरती. दर तीन-चार महिन्यांनीं ब्रश बदलावा असें दंतवैद्य सांगतात. तेव्हां डोक्यासाठीं बार्शीटाकळीच्या म्हातारीनें वर्षांतून तीन-चार वेळां मुंबईच्या टपालाची वाट पाहावयाची काय?

येथें सुताराचा, म्हणजे आमच्याकडच्या भाषेंत वाढयाचा, प्रवेश झाला. तो आला होता दाराची चौकट दुरुस्त करावयास. पुतण्याचीं चित्रें त्यानें पाहिलीं व विचारलें, “आजीची मूठ कोनी मोजली?” कोणीच मोजली नव्हती. पोळ्याचे बैल करून उरलेली माती घरांत होती. ती भिजवून त्यानें गोळा केला आणि आत्याबाईंच्या उजव्या हातांत ठेविला. “आजी, हे माती मुठीत घ्या, अन् दाबा जेवढं दाबता येते तेवढं.” त्या गोळ्यावर जो ठसा उठला, त्याबरहुकूम त्यानें बाभळीची मूठ तासली. बाभूळ तो आयुष्यभर कुऱ्हाडी-कुदळींच्या दांड्यांसाठीं वापरीत आलेला. कोणत्या बोटाखालीं लांकूड किती ठेवावें हें त्याला विचार न करतां कळे. मूठ निसटूं नये म्हणून हाताच्या पाठीवरून निवारीची एक पट्टी घातली.

सांध्याचा प्रश्न पुतण्यानें व वाढयानें मिळून सोडविला, आणि तो आम्हांस फार आवडला. मनगट वळत नाहीं, तेव्हां वरच्या दांतांसाठीं केस वर हवे, खालच्यांसाठीं खालीं हवे, समोरच्यांसाठीं आडवे हवे. त्यांनीं मुठीच्या टोंकाला चौकोनी भोंक पाडलें. बाजारांत मिळणारा कोणताही स्वस्त ब्रश घ्यावयाचा, त्याचा दांडा मधोमध कापावयाचा, आणि तें डोक्याकडचें अर्धुक चौकोनी लांकडी गुल्लींत लाख वितळवून बसवावयाचें. गुल्ली भोंकांत चार बाजूंनीं चार तऱ्हांनीं बसते. काढावी, वळवावी, पुन्हां खोंचावी. हें काम डावा हात करतो, आणि तो मुखाबाहेर असल्यामुळें त्यास कोणाची हरकत नाहीं. केस झिजले कीं लाख ऊन करून जुना तुकडा काढावयाचा व नवा बसवावयाचा. खिळा नाहीं, मळसूत्र नाहीं, गंजावयास लोखंड नाहीं. गुल्ली रोज धुऊन वेगळी वाळविली जाते आणि मुठीला जवसाच्या तेलाचा हात असल्यामुळें पाणी मुरत नाहीं. देवीच्या देवळाचे दगड चुन्याशिवाय एकांत एक बसलेले आहेत. ते आम्ही पुतण्यास मुद्दाम दाखवावयास नेलें. तो म्हणाला, “काका, ते दगड वळत नाहींत.” या पिढीशीं वाद घालणें कठीण.

पहिल्या दिवशीं आत्याबाईंनीं दार लावून घेतलें. आंत किती वेळ लागला तें आम्हीं घड्याळांत पाहिलें नाहीं. आमच्या भावजयीनें मात्र दारापाशीं तीन चकरा घातल्या. बाहेर आल्या तेव्हां लुगड्याचा पुढचा भाग पार भिजला होता आणि कपाळावर घाम होता. “खालच्या दाढीले पोचत नाई,” एवढेंच त्या बोलल्या. गुल्ली करंगळीच्या नखाएवढी तिरपी केल्यावर तीही पोहोंचूं लागली. पुढें महिन्याभरांत हिरड्यांची सूज उतरली, भाकरी दुधांत न कुस्करतां खाणें सुरू झालें, आणि सुनेच्या स्वयंपाकास नांवें ठेवण्याइतकी प्रकृति सुधारली. टूथपेस्टची गोड चव त्यांस अद्याप मान्य नाहीं. निंबाची साल वाळवून कुटलेली पूड त्या वापरतात.

पुतण्याच्या एका मित्रानें या मुठीचें पेटंट घ्यावें अशी सूचना केली. पुतण्यानें वाढयास विचारलें, तेव्हां तो हंसून म्हणाला कीं, दुसऱ्याच्या हातांत ही मूठ बसणारच नाहीं, तर चोरणार कोण? तरीही त्याच्याकडे आतां दुसरें गिऱ्हाईक आलें आहे. जवळच्या खेड्यांतील एका शेतकऱ्याची तीन बोटें मळणीयंत्रांत गेलीं. त्याच्या मुठीचा मातीचा गोळा सध्यां वाढयाच्या खिडकींत वाळत आहे. त्यांत अंगठ्याची खूण खोल उमटली आहे, तिच्यासमोर एकाच बोटाची, आणि बाकीची माती सपाट आहे.