गाणारी नायिका

आमच्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्री झाडीपट्टीचं नाटक आलंच. इथली नायिका अजूनही माइकसमोर स्वतः गाते. बाजूला ऑर्गन, तबला, आणि गाणं आवडलं की पब्लिकचा वन्समोअर! ते बघताना मला हटकून शांता आपटे आठवतात.

'प्रभात'च्या 'अमृतमंथन'मधून (१९३४) त्या गाजल्या. तोवर पडद्यावर गाणं म्हणजे एका जागी उभं राहून गाणं. शांताबाई गायला लागल्या की हात, मान, डोळे, सगळंच बोलायचं. मग १९३७ साली आला 'कुंकू'. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. हीच नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविताही गाते!

मला खरं कौतुक आहे ते पुढच्या गोष्टीचं. १९३९ मध्ये कराराच्या वादावरून शांताबाई 'प्रभात'च्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. तेव्हाची एवढी मोठी नटी, स्वतःच्याच कंपनीच्या दारात! १९४० साली त्यांनी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?'. नावातलं ते प्रश्नचिन्हच किती बोलकं आहे... १९४१ च्या तमिळ 'सावित्री'साठी त्या तमिळ शिकल्या. त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी.

पुढे पार्श्वगायन रुळलं आणि चेहरा एकीचा, गळा दुसरीचा असं होऊन गेलं. जपानमध्ये मात्र एकाच मुलीने गाणं आणि अभिनय दोन्ही करणं नेहमीचंच. तिथल्या मोमोए यामागुचीने १९७३ ते १९८० अशी दोन्हीकडे गाजून, ऐन एकविशीत लग्नासाठी सगळं सोडलं. शेवटच्या कार्यक्रमात माइक स्टेजवर ठेवून निघून गेली. शांताबाईंनी असं सोडलं नाही, त्या भांडल्या. १९६४ मध्ये पन्नाशीही न गाठता गेल्या.

गळा आणि चेहरा दोन्ही आपलेच असले की कंपनीला दुसरी बाई सहज सापडत नाही. उपोषणाला बसायचं बळ थोडंफार त्यातूनही आलं असेल, असं मला वाटतं. आणि झाडीपट्टीत रात्रभर उभी राहून गाणाऱ्या बाईला तिच्या गळ्याचं मोल मिळतं का, हा प्रश्न वन्समोअर देताना आपल्याला पडायला हवा.

असो. ते पुस्तक कुणाच्या घरी असेल तर कळवा. वाचून नक्की परत करीन! :)