सहावीत नापास

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या हसनाबादला पाहुणा आला की आधी चहा होतो. २००९ च्या मे महिन्यात पुण्याहून पुतण्या आला, त्याने आधी लॅपटॉप उघडला.

"काय चाललंय?"

"काका, एकच वेबसाइट तीनदा बघतोय."

आणि याचा पगार मिळतो! आम्ही एकच सिनेमा तीनदा पाहिला, तर वडील छडी काढीत.

इंटरनेट एक्सप्लोररच्या तीन आवृत्त्या तेव्हा वापरात होत्या. २००१ ची सहावी, २००६ ची सातवी आणि ताजी आठवी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तशा एका विंडोजमध्ये या दोघी नांदत नसत. म्हणून पठ्ठ्याने लॅपटॉपच्या पोटात लुटुपुटूचे संगणक वसवले होते.

पान होते शिष्यवृत्तीच्या अर्जाचे. ते सातवी, आठवी पास झाले. सहावीने मात्र डावीकडची मोकळी जागा दुप्पट केली आणि अख्खा अर्ज रुसून खाली जाऊन बसला!

"अरे, त्या म्हातारीला पेन्शनीत काढ की!"

"काका, तुमच्या संगणकात तीच आहे."

मी मुकाट्याने चहा सांगायला आत गेलो. परत येतो तो, एक ओळ वाढवून त्याने अर्ज जागेवर आणला होता. ती ओळ नसती, तर गावातले एखादे पोर अर्ज शोधतच बसले असते.

१५ जून २०२२ ला एक्सप्लोरर खरोखरच निवृत्त झाला. पुतण्या सुटला म्हणावे, तर मला नवा फोन शिकवताना तो अजूनही एक ओळ जास्त सांगतो. सावकाश, न चिडता.

सहावीची सवय, दुसरे काय!