थर्मोस्टॅट ८५ वर
भारतवारी जवळ आली की आमच्याकडे बॅगांच्या वजनावरून भांडण ठरलेलं, आणि ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात एसीवरूनही. माझ्यातला पुणेकर म्हणतो, तीन आठवडे घरात कुणी नाही, मग करा की बंद! २०१९च्या जुलैत केलाही. परत आलो तर दार उघडताच कुबट वास, आणि कपाटात हिच्या आजीच्या पैठणीवर बुरशीचे ठिपके. एसी हवेतलं पाणीही काढतो, हे इंजिनियर असून मला सुचलं नव्हतं. ही एक शब्दही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

आता निघताना थर्मोस्टॅट ८५ फॅरनहाइटवर (आपले साधारण २९ सेल्सियस) आणि पंखा 'ऑटो'वर. 'ऑन'वर ठेवला तर कॉइलवरचं पाणी परत घरात फिरतं म्हणे, आणि ते खरंच आहे. पैठणी ड्रायक्लीनरकडून आली, ठिपक्यांसकट.